मुकुंदवाडीच्या व्हँपायरचा श्वास

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. बसू नये, अशीच ती गोष्ट आहे. साळूबाई, तो हंडा जरा तिकडं सरकवा आणि निवांत बसा. टँकर यायला अजून अवकाश आहे. गोष्ट रंगात आली की नेमका तेव्हाच टँकर येतो, असा आपल्या पडेगावचा अनुभव आहे, म्हणून मी सुरू करतो. मध्ये बोलायचं नाही. शंका शेवटी विचारायच्या.

तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडं एक तीनमजली इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर गोकुळराव म्हस्के राहतात. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. मराठवाड्यातल्या कुठल्या धरणात किती पाणी आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील; स्वतःच्या गच्चीवरच्या टाकीत किती आहे, ते मात्र काठी बुडवल्याशिवाय त्यांना कळत नाही. आयुष्यात त्यांनी एकही गोष्ट बिनअर्जाची केलेली नाही. लग्नसुद्धा, असं त्यांच्या पत्नी करुणाबाई म्हणतात, आणि त्या म्हणतात म्हणजे तसं असणार.

अशा सरळ माणसाच्या घरात व्हँपायर शिरला तो त्यांच्या मुलीच्या पायानं. प्रेरणा कॉलेजात सिनेमा शिकते. शिकते म्हणजे नेमकं काय करते, हा प्रश्न गोकुळरावांनी पहिल्या वर्षापासून गिळून ठेवला होता. शेवटचं वर्ष आलं तेव्हा मात्र त्यांनी तलाठी भरतीच्या क्लासचं रंगीत पत्रक आणून फ्रिजला चिकटवलं. प्रेरणा रोज दूध काढायला फ्रिज उघडायची तेव्हा पत्रकावरचा तो हसरा तलाठी तिच्या अंगावर यायचा.

शेवटी बाप-लेकीत तह झाला. कॉलेजांची एक स्पर्धा होती. छोटासा ट्रेलर करायचा. पहिला आला, तर आख्खा सिनेमा करायला लागेल ते सगळं आयोजक देणार. नियम एकच विचित्र होता. ट्रेलर सभागृहात नाही, आपल्या वस्तीत आपल्या लोकांपुढं दाखवायचा, आणि परीक्षक पडद्याकडं बघण्यापेक्षा बघणाऱ्यांकडं बघणार. ट्रेलर पहिला आला तर सिनेमा, नाही आला तर तलाठ्याचा क्लास. प्रेरणानं हात पुढं केला, गोकुळरावांनी तो हातात घेतला आणि सवयीनं विचारलं, "हे लेखी घ्यायचं का?"

"पप्पा, सिनेमाचं नाव 'रात्रपाळी'," प्रेरणा म्हणाली. "एक व्हँपायर असतो. तो वाळूजच्या कारखान्यात नोकरी करतो."

"व्हँपायर म्हणजे?"

"रक्त पितो, उन्हात येत नाही, एकदा मेला की पुन्हा कधी मरत नाही."

"आणि त्याला नोकरी देतात?"

"तो कायमची रात्रपाळी मागून घेतो ना. सगळ्यांचा लाडका होतो."

गोकुळरावांना हे एकदम पटलं. एवढं पटलं की त्यांनी त्याच्या निवृत्तिवेतनाचं काय, असा पुढचा प्रश्न काढला. मरतच नसेल तर पेन्शन कधीपर्यंत द्यायची? प्रेरणा निघून गेली, पण तो प्रश्न त्यांना बरेच दिवस छळत होता.

आता व्हँपायर व्हायचा होता तिच्या वर्गातला अफजल. उंच, गोरापान, नजर अशी की कुत्रीसुद्धा वाट सोडायची. पण ऐन वेळी डॉक्टरनं त्याच्या दातांना तार लावली. तार लावलेला व्हँपायर चावला तरी माणूस आधी त्याचीच विचारपूस करणार. झालं, व्हँपायर गेला. त्या संध्याकाळी गोकुळराव पिठलं-भाकरी खात होते. प्रेरणा आणि तिचा सिनेमातला जोडीदार उजैर समोर बसले होते. हा उजैर छावणी भागातला, कॉम्प्युटरवर डोंगर हलवणारा पोरगा. दोघं बराच वेळ गोकुळरावांकडं टक लावून बघत राहिले.

"पप्पा, जरा असंच बसा. खाली बघून वर बघा."

गोकुळरावांनी बघितलं. आपल्यात काहीतरी आहे हे त्यांना पहिल्यापासून वाटायचंच. फक्त दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही. त्यांनी लाजत विचारलं, "मेकअपला किती वेळ लागतो रे?"

"अंकल, मेकअप की जरूरतच नै," उजैर मनापासून म्हणाला. "आँखों के नीचे सब रेडी है."

करुणाबाई हसल्या. गोकुळरावांनी ते हसणं मनात नोंदवून ठेवलं आणि उरलेली भाकरी संपवली.

शूटिंगला गच्ची हवी होती. गच्ची म्हणजे सोसायटी, आणि सोसायटी म्हणजे सेक्रेटरी सांडूअण्णा. सांडूअण्णांनी गोकुळरावांचा अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"हे व्हँपायर का काय ते, इमारतीत राहणार का?"

"तसं दाखवायचंय."

"मालक म्हणून का भाडेकरू म्हणून?"

याचा विचार प्रेरणानंही केला नव्हता.

"भाडेकरू असला तर पोलिसांची पडताळणी लागती," सांडूअण्णा म्हणाले. "उद्या त्यानं कुणाला काय केलं, तर मला विचारतील. दुसरं असं, माणसांचं रक्त पिणार म्हणता. सांडलं तर जिना कोण धुणार? पाणी कुठंय?"

शेवटी व्हँपायर हा गोकुळरावांचा दूरचा पाहुणा असून तो फक्त दिवसा गच्चीवर येईल आणि सोसायटीचं पाणी वापरणार नाही, असं ठरलं. व्हँपायर दिवसा येत नाही हे सांगून गोकुळरावांनी तोंडचा घास घालवला नाही. सांडूअण्णांनी जाता जाता फुकटचा सल्ला दिला, की शेवटी त्यानं लोकांना एक चांगला संदेश द्यावा. 'पाणी जपून वापरा' असा.

मग हिरवा पडदा. उजैरनं गोकुळरावांना समजावून सांगितलं, की मागं हिरवं कापड लावायचं. कॉम्प्युटर जे जे हिरवं दिसेल ते पुसून टाकतो आणि तिथं आपण पाहिजे ते ठेवायचं. दौलताबादचा किल्ला ठेवा, चंद्र ठेवा, वटवाघळं सोडा. दिवसाची रात्रसुद्धा करतो म्हणाला. कापडाचा प्रश्न तळमजल्यावरच्या फारूखभाईंनी सोडवला. त्यांचा मंडपाचा धंदा. या शहरात असं एकही कार्य नसेल ज्यात फारूखभाईंचं कापड आणि फारूखभाईंचा सल्ला वापरला गेला नाही.

"गोकुळभाई, हरा चाहिये तो हरा लेव. तुमच्या पोरीचं काम म्हणजे आपल्या घरचं काम," असं म्हणत त्यांनी हळदीच्या स्टेजचं भलं मोठं हिरवं कापड स्वतः गच्चीवर ताणून दिलं. त्यावर वरच्या बाजूला सोनेरी टिकल्यांनी 'शुभविवाह' लिहिलं होतं. ते उसवायचं सगळ्यांच्याच डोक्यातून निघून गेलं. पुढं कॉम्प्युटरवर हिरवं सगळं गेलं, किल्ला आला, ढग आले, आणि किल्ल्यावर काळ्याकुट्ट आभाळात 'शुभविवाह' झगझगत राहिलं. उजैर ते खोडत बसला. एक उकार शेवटपर्यंत गेला नाही. तो चंद्रकोरीच्या शेजारी तारा म्हणून ठेवून दिला. बघा, आहे तो अजून.

भर दुपारचं ऊन. अशा उन्हात गोकुळराव काळा कोट घालून, ओठांच्या कोपऱ्यातून गुलाबाचं सरबत गाळत, उन्हाला न घाबरता उभे. कोट फारूखभाईंच्या बँडवाल्या मेहुण्याचा होता; खांद्यावरच्या झालरी उलट्या शिवून आत घेतल्या होत्या, त्या आतून टोचत होत्या. सुळे मात्र गोकुळरावांनी स्वतः केले होते, खोबऱ्याचे. मोठ्या कष्टानं कोरलेले. पण प्रत्येक वेळी कॅमेरा लावेपर्यंत दात गायब.

"पप्पा, सुळे कुठं आहेत?"

गोकुळराव चावत चावत म्हणायचे, "होते आत्ता इथंच." खोबऱ्याची अर्धी वाटी अशी संपली. सरबतावर मुंग्या आल्या. त्या कोटात शिरल्या, आणि त्यानंतर व्हँपायरच्या अंगात जो थरकाप दिसतो, तो अभिनय नव्हे. पण सगळ्यांनी त्याचीच तारीफ केली, म्हणून गोकुळराव गप्प बसले.

एवढ्यात करुणाबाई ताक घेऊन वर आल्या. एक दृश्य राहिलं होतं. अंधारातून एका बाईचा हात मदतीसाठी पुढं येतो, एवढंच. प्रेरणाच्या एका हातात उजेड परतवायला स्टीलची परात, दुसऱ्या हातात छत्री. उजैरच्या हातात कॅमेरा. मोकळा हात एकच होता, आणि त्यात ताकाचा तांब्या होता.

"मम्मी, तांब्या ठेव आणि हात पुढं कर. बस, एवढंच."

करुणाबाईंनी हात केला. छान थरथरता केला. उन्हानं थरथरला असेल.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. आदल्याच आठवड्यात करुणाबाईंच्या भाचीचं लग्न झालं होतं, कन्नडला. लग्नघरी कासार आला होता आणि रीतीप्रमाणं घरातल्या सगळ्या बायकांनी चुडा भरला होता. करुणाबाईंच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्यागार काचेच्या बांगड्या. साळूबाई, हसताय म्हणजे तुमच्या लक्षात आलं. तिथं कुणाच्या आलं नाही. इंजिनिअरिंगसारखं अवघड काम करणारी पोरं, पण हिरवा पडदा म्हणजे हिरवा पडदा आणि हिरवा चुडा म्हणजे चुडा, असंच त्यांच्या डोक्यात. घरातल्या बाईच्या बांगड्यांना रंग असतो हे कुणाला सुचणार?

दुसऱ्या दिवशी उजैरनं जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला आणि कळ दाबली. हिरवं सगळं गेलं. किल्ला आला, चंद्र आला. आणि अंधारातून करुणाबाईंचा हात आला. म्हणजे पंजा आला. मग मनगटाच्या जागी काहीच नाही, नुसता चंद्र. आणि बऱ्याच अंतरावर मागून कोपर येत होतं, पंजाला गाठायचा प्रयत्न करत.

फारूखभाई मंडपाचं काम टाकून बघायला आले होते, ते खुर्चीत बसले.

"या अल्ला. भाभी का हाथ," ते हळूच म्हणाले.

प्रेरणाच्या अंगावर काटा आला होता. "उजैर, हे असंच ठेवायचं. हे आपल्याला सात जन्मांत सुचलं नसतं."

पण करुणाबाईंना पंजाचं काही नव्हतं, कोपराचंही नव्हतं. त्या मधल्या मोकळ्या जागेकडं बघत होत्या.

"माझा चुडा कुठंय?"

"मम्मी, ते इफेक्टमध्ये…"

"नवरा समोर बसलाय आणि माझा चुडा गायब करता? कासारानं भरलाय, अजून महिना झाला नाय. आमच्यात बांगडी काढली म्हणतसुद्धा नाहीत, आणि तुम्ही पुसून टाकला?"

गोकुळराव बायकोला समजावायला गेले. ही त्यांची चूक. "अगं, मनावर काय घेतेस. तसाही मी या सिनेमात मेलेलाच आहे."

त्यानंतर जे झालं ते सगळं सांगत नाही. करुणाबाईंनी मीठ-मिरच्या घेऊन नवऱ्याची दृष्ट काढली, आणि मिरच्या एवढ्या घेतल्या की पहिल्या मजल्यापर्यंत माणसं खोकत बाहेर आली. उजैर हुशार. त्यानं खोकता खोकता फोन सुरू केला. ट्रेलरमध्ये जमाव घाबरून ओरडतो तो आवाज म्हणजे ती दृष्ट. शेवटी करुणाबाईंनी परवानगी दिली, एका अटीवर. चुडा जिथं गेला तिथून परत आला पाहिजे. शेवटच्या दृश्यात बांगड्यांसकट आख्खा हात दिसला पाहिजे, आणि किणकिण ऐकू आली पाहिजे. म्हणून मग घरातच एक दृश्य घेतलं: व्हँपायर खिडकीशी येतो, भरल्या चुड्याचा हात येतो, खिडकी त्याच्या तोंडावर लावून घेतो. गोकुळरावांचं नाक खिडकीत सापडलं. पण करुणाबाईंनी ते पुन्हा पुन्हा करून दाखवलं, कंटाळल्या नाहीत.

चित्र झालं. आता आवाज. आवाज हा आपला प्रांत, असं गोकुळरावांनी जाहीर केलं. तरुणपणी ते गणपती मंडळाच्या ऑर्केस्ट्रात खुळखुळा वाजवायचे. ही गोष्ट इतकी वर्षं घरात कुणाला माहीत नव्हती, आणि कळल्यावर कुणाला काही वाटलंही नाही. पण ते पेटले होते. हाडं मोडायला पापड घेतले. मान चावायला आधी पेरू, मग काकडी, मग ऊस. ऊस फार छान वाजला, फक्त रक्ताऐवजी रस पितोय असं वाटत होतं. पंखांसाठी छत्री फटाफट उघडली-मिटली. तिच्यातून झुरळ निघालं आणि उजैर कोचावर चढला. डोंगर हलवणारा पोरगा, पण झुरळाला भितो.

सगळं जमलं, पण श्वास जमेना. प्रेरणाला व्हँपायरचा श्वास हवा होता: कोरडा, खोल, शेकडो वर्षं तहानलेल्या माणसाचा. गोकुळरावांनी दार लावून घेऊन सगळ्या तऱ्हांनी श्वास घेतला. खालून सांडूअण्णांनी बामची बाटली आणि आणखी एक फुकटचा सल्ला पाठवला, की छातीवर शेक घ्या. फारूखभाईंनी फुटक्या भोंग्यातून हवा सोडून बघितली. ते रेल्वे फाटकासारखं वाजलं. स्पर्धा चार दिवसांवर. फ्रिजवरचा तलाठी हसत होता. प्रेरणा आता त्याच्याकडं बघायची सुद्धा नाही. दूध न घालताच चहा प्यायची. गोकुळरावांनी ते बघितलं, आणि त्यांना ते पत्रक आपणच चिकटवलंय याचा पहिल्यांदा राग आला.

तो दिवस पाण्याचा होता. पाण्याचा दिवस म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. सगळी इमारत बादल्या, पिंपं, पातेली मांडून कानांनी जगत असते. मोटरी तयार. ज्याची मोटर आधी सुरू, त्याचं पाणी. तिसऱ्या मजल्याला तर एका क्षणाची उसंत नाही; तळमजल्यानं आधी ओढलं, तर वर नुसता वास येतो. करुणाबाई मोटरच्या बटणाशी, गोकुळराव नळाशी.

आणि नळ बोलला. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा येते ती. आधी एक बारीक सुस्कारा. मग घशात काहीतरी अडकल्यासारखी खरखर. मग थांबला. मग आतून, खोलातून, जमिनीखालून आल्यासारखा एक लांबच लांब श्वास… हर्रऽऽर्रर्र… आणि दातावर दात आपटल्यासारखं कड कड कड.

गोकुळरावांच्या अंगातून झिणझिण्या गेल्या. हाच तो. शेकडो वर्षांचा तहानलेला.

"मोटर लावू का?" करुणाबाईंनी विचारलं.

गोकुळरावांनी हात वर केला. "नको. मोटरचा आवाज येईल." आणि त्यांनी खिशातून फोन काढून नळाच्या तोंडाशी धरला.

करुणाबाईंनी नवऱ्याला अनेक रूपांत बघितलं होतं, पण पाण्याच्या दिवशी मोटर नको म्हणणारा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता. खाली एकेक मोटर सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. गोकुळराव गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून, नळाचा श्वास घेत होते. नळ दमला, खोकला, एक थेंब त्यांच्या मनगटावर पडला आणि गप्प झाला. पाणी गेलं होतं. बादलीचा तळ कसाबसा ओला झाला होता.

नवरा फोन कानाला लावून ते ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. करुणाबाई एवढंच म्हणाल्या, "चला, कुठंतरी आलं म्हणायचं." आणि शेजारून दोन कळशा उसन्या आणायला निघून गेल्या.

स्पर्धेच्या दिवशी, दिवेलागणीला, इमारतीमागच्या मोकळ्या जागेत फारूखभाईंनी मंडप घातला. पांढरा पडदा ताणला. वरातीत घोडी बिथरते, तेवढे मोठे स्पीकर लावले. सगळी वस्ती खुर्च्या टाकून बसली. पहिल्या रांगेत परीक्षक बाई. पुण्याहून आलेल्या, करड्या केसांच्या, खुर्ची उलटी फिरवून लोकांकडं तोंड करून बसल्या होत्या. सांडूअण्णांनी त्यांना सरळ बसवायचा दोनदा प्रयत्न केला.

ट्रेलर सुरू झाला. किल्ला आला, तारा म्हणून उकार आला. उलट्या झालरींचा कोट आला. लोकांनी गोकुळरावांना ओळखलं आणि टाळ्या वाजवल्या, हे जरा चुकलं. मग करुणाबाईंचा पंजा आला आणि मागून कोपर आलं, आणि टाळ्या जागच्या जागी थांबल्या. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. प्रेरणानं उजैरचं मनगट घट्ट धरलं. पडदा काळा झाला. आणि त्या वरातीच्या स्पीकरमधून श्वास आला.

आधी बारीक सुस्कारा. मग खरखर. मग हर्रऽऽर्रर्र… कड कड कड.

मग मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली. मग रांगच्या रांग उठली. मग सगळी वस्ती उठली. खुर्च्या पडल्या, चपला राहिल्या, पदर अडकले. सगळ्यात पुढं सांडूअण्णा. त्यांच्याकडं व्हॉल्व्हची किल्ली. फारूखभाई स्पीकर सोडून पळाले. आणि मंडळी, खुद्द गोकुळराव पळाले. ज्या माणसानं तो आवाज स्वतःच्या हातानं पकडला, तो माणूस तीन मजले एका दमात चढून गेला आणि नळाखाली बादली लावून उभा राहिला.

नळ कोरडा होता.

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते पिंपावर बसले. आपल्या पोरीचा ट्रेलर चालू असताना, परीक्षकांसमोर, आपल्याच आवाजानं सगळं मैदान रिकामं केलं. बघणाऱ्यांकडं बघायला आलेल्या बाईला बघायला माणूसच ठेवला नाही. फ्रिजवर तलाठी हसत होता. गोकुळरावांनी त्याच्याकडं पाठ केली आणि खाली निघाले, बाईंच्या पाया पडायचं, चूक पदरात घ्या म्हणायचं, एवढं ठरवून. असा अर्ज त्यांनी आयुष्यात तोंडी कधी केला नव्हता.

खाली पडलेल्या खुर्च्यांमध्ये चारच माणसं होती. प्रेरणा, उजैर, परीक्षक बाई आणि करुणाबाई. करुणाबाई तेवढ्या जागच्या हलल्या नव्हत्या. आपल्या स्वयंपाकघरातला नळ त्यांनी पहिल्याच सुस्काऱ्याला ओळखला होता. पडद्यावर भरल्या चुड्याचा हात खिडकी लावून घेत होता, आणि किणकिण रिकाम्या मैदानावर घुमत होती.

परीक्षक बाई उभ्या होत्या. "मी इतकी वर्षं हे काम करते," त्या म्हणाल्या. "लोक डोळे झाकतात, शेजारच्याला धरतात. पण पायातल्या चपला सोडून आख्खं मैदान पळालेलं मी पाहिलं नाही. एवढी भीती?"

"मॅडम, वो पानी…" प्रामाणिक उजैर सुरू झाला. करुणाबाईंनी त्याच्या दंडाला असा चिमटा घेतला की चुडा वाजला.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या. "इथल्या लोकांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटती, तेच पोरांनी बरोबर धरलंय." यात खोटं काही नव्हतं.

गोकुळराव धापा टाकत पुढं आले. "बाई, पोरीला काही बोलू नका. तो श्वास माझ्यामुळं…"

"तो श्वास तुमचा?" बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. मग त्यांच्या तोंडाकडं निरखून बघितलं. "आणि तुम्ही अजून मेकअप उतरवला नाही?"

करुणाबाई पुन्हा हसल्या. या वेळी गोकुळरावांनी नोंद केली नाही. कारण प्रेरणाही हसत होती, खूप दिवसांनी, डोळे पुसत.

ट्रेलर पहिला आला. आता दिवाळीनंतर आख्खी 'रात्रपाळी' होणार आहे, वाळूजला, खऱ्या कारखान्यात. व्हँपायरला पेन्शन द्यायची का नाही, यावर एक दृश्य आहे म्हणतात. ते गोकुळरावांनी लिहिलंय. आणि ते तलाठ्याचं पत्रक त्यांनी स्वतः काढून पाण्याच्या माठावर झाकण म्हणून घातलं.

पण खरी गंमत पुढंच आहे. ती कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. त्या संध्याकाळी सगळ्या वस्तीनं नळ उघडे टाकले होते ना? पळत घरी गेले, नळ कोरडे दिसले, तसेच उघडे ठेवून चपला शोधायला परत खाली आले. आणि तेवढ्यात, मंडळी, नळांना खरोखर पाणी आलं. पाण्याचा दिवस नसताना. त्या स्पीकरचा श्वास ऐकून पाइपातल्या पाण्याला वाटलं असणार, की आपली पाळी झाली. धो धो आलं. मोटर न लावता तिसऱ्या मजल्यावर आलं. दुसऱ्या दिवशी आलं. तिसऱ्या दिवशी आलं. मग फारूखभाईंनी तेच स्पीकर टेम्पोत घातले आणि तो श्वास वाजवत निघाले. मुकुंदवाडीत रोज पाणी सुरू झालं, मग छावणीत झालं, आणि गेल्या महिन्यात टेम्पो थेट आपल्या पडेगावात आला. तेव्हापासून पडेगावात सकाळ-संध्याकाळ नळाला पाणी…

"थांबा," साळूबाई म्हणाल्या. "हात हवेत तरंगला, ते मी खरं धरलं. नवरा पाण्याच्या दिवशी मोटर नको म्हणाला, तेबी कसंबसं गिळलं. पण हे साफ खोटं बोलताय तुम्ही. पडेगावात सकाळ-संध्याकाळ पाणी येतंय, तर मग हे रिकामे हंडे घेऊन आपण सगळे इथं कुणाची वाट बघत बसलोय?"